वाचक विचारतात : काळ्या थेंबाचे गणित

‘सिलिकॉनच्या पलीकडचे संगणन’ या आमच्या लेखात नॅनोपदार्थांच्या मिश्रणाकडून गणिते सोडवून घेण्याच्या प्रयोगांचा ओझरता उल्लेख होता. त्या दोन परिच्छेदांवर उरलेल्या संपूर्ण लेखापेक्षा जास्त पत्रे आली. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. एकसारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : कार्बन नॅनोट्यूब आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाने गणित सोडवले असे आपण लिहिले आहे. या मिश्रणात सर्किट नेमके कुठे असते? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली)

कुठेच नसते, आणि या विषयाची सगळी गंमत त्यातच आहे. २०१२ ते २०१५ या काळात युरोपीय संघाच्या निधीतून ‘नॅसेन्स’ नावाचा प्रकल्प चालला. त्यात इंग्लंडमधील यॉर्क आणि डरहॅम, नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम, नेदरलँड्समधील ट्वेंटे आणि स्वित्झर्लंडमधील लुगानो येथील गट सहभागी होते. डरहॅमच्या प्रयोगशाळेत नमुना कसा तयार होत असे, हे पाहिले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते. दुकानांच्या पारदर्शक पाट्या ज्या ॲक्रिलिकच्या करतात, ते ॲक्रिलिक अनिसोल या द्रावकात विरघळवायचे. त्यात एकपदरी कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मिसळायच्या, आणि त्याही वजनाने साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी. या काळ्या द्रवाचा एक थेंब काचपट्टीवर सोडायचा. त्या पट्टीवर सोन्याची बारा किंवा सोळा सूक्ष्म इलेक्ट्रोड आधीच उमटवलेली असतात. मग पट्टी तापवून द्रावक उडवून लावायचा. मागे उरतो तो वाळलेल्या शाईच्या डागासारखा एक काळा ठिपका. त्यात कोणी आराखडा आखलेला नाही, ट्रान्झिस्टर कोरलेले नाहीत आणि तारा जोडलेल्या नाहीत.

तरीही या ठिपक्यातून वीज वाहते, आणि ती सरळ वाटेने वाहत नाही. शेवयांची खीर डोळ्यांपुढे आणा. शेवया थोड्या असतील तर त्या दुधात सुट्या तरंगतात. त्या वाढवत गेलो की एका टप्प्यावर एकमेकींना टेकत टेकत पातेल्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत त्यांची साखळी तयार होते. नॅनोट्यूबचे प्रमाण अशाच उंबरठ्याच्या आसपास ठेवले, तर विजेला वाटा मिळतात, पण त्या मोजक्या आणि वळणावळणाच्या असतात. शिवाय सुमारे एक नॅनोमीटर व्यासाच्या या नळ्यांपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश धातूसारख्या वागतात आणि बाकीच्या अर्धवाहक असतात. दोन नळ्यांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर आला, तर इलेक्ट्रॉनला तो उडी मारून ओलांडावा लागतो. त्यामुळे व्होल्टेज दुप्पट केले म्हणून प्रवाह दुप्पट होईलच असे नाही. हा बेशिस्तपणा नेहमीच्या इलेक्ट्रॉनिकीत दोष ठरला असता. येथे मात्र तोच कच्चा माल आहे.

प्रश्न : आराखडाच नसेल, तर हव्या त्या गणिताचे उत्तर हा ठिपका कसा देतो? (दोन पत्रे, पुणे आणि बेळगाव)

इलेक्ट्रोडचे तीन गट पाडतात. काहींवर गणितातील आदान (इनपुट) व्होल्टेजच्या रूपात दिले जाते आणि एकदोनांवरून उत्तर वाचले जाते. उरलेल्या इलेक्ट्रोडवर नियंत्रणाची व्होल्टेजे लावली जातात, आणि खरी खुबी या तिसऱ्या गटात आहे. ही व्होल्टेजे बदलली की ठिपक्यातील विजेच्या वाटा बदलतात आणि त्याच आदानाचे उत्तर वेगळे येते. कोणती व्होल्टेजे लावली असता उत्तर बरोबर येईल, हे कागदावर काढता येत नाही, कारण आतील नळ्या कशा पसरल्या आहेत हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून ती शोधावी लागतात. संगणक काही यादृच्छिक आकड्यांपासून सुरुवात करतो, प्रत्येक संच प्रत्यक्ष ठिपक्यावर लावून पाहतो, उत्तर किती जवळ आले याला गुण देतो, उत्तम संच राखून त्यात किरकोळ फेरबदल करतो आणि पुढची पिढी तयार करतो. शेतकरी पुढच्या पेरणीसाठी चांगली कणसे बाजूला काढतो, तशीच ही निवड असते. शेकडो, कधी हजारो फेऱ्यांनंतर हवे तसे वागणारा संच हाती लागतो.

या कल्पनेला एक गाजलेला पूर्वज आहे. ब्रिटनमधील ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६ मध्ये पुन्हा पुन्हा जोडणी बदलता येणारी एक सिलिकॉन चिप घेतली. तिच्या ४०९६ खान्यांपैकी कोपऱ्यातील दहा बाय दहा, म्हणजे १०० खाने त्यांनी अशाच पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीच्या, म्हणजे कृत्रिम उत्क्रांतीच्या, हवाली केले. एक किलोहर्ट्झ आणि दहा किलोहर्ट्झ या दोन स्वरांमधला फरक ओळखायचा, एवढेच काम होते. वेळ मोजण्यासाठी घड्याळाचा संकेत दिलेला नसतानाही हजारो पिढ्यांनंतर चिप ते काम करू लागली. पण तिच्यातील काही खाने सर्किटला तारेने कुठेही जोडलेले नव्हते, आणि तरी ते बंद केले की काम बिघडत असे. अभियंत्याने जे गुणधर्म दुर्लक्षित करायचे असतात, तेच उत्क्रांतीने वापरले होते. मग चिपच वापरायची कशाला, गुणधर्मांनी अधिक समृद्ध असा पदार्थच का घेऊ नये, असा प्रश्न यॉर्कच्या ज्युलियन मिलर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणला. २००४ मध्ये सायमन हार्डिंग यांच्यासह त्यांनी द्रवस्फटिकाच्या पडद्याकडून स्वर ओळखून घेतले. नॅनोट्यूबचा ठिपका ही त्याच्या पुढची पायरी होय.

प्रश्न : ‘एक्सॉर’ जमणे ही मोठी गोष्ट आहे असे लेखात म्हटले होते. साध्या लॉजिक गेटचे एवढे कौतुक का? (भौतिकशास्त्राचा शिक्षक, रत्नागिरी)

‘होय’ किंवा ‘नाही’ अशा आदानांवरून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे एकच उत्तर देणारी रचना म्हणजे लॉजिक गेट. जिन्यातल्या दिव्याला एक बटण खाली आणि एक वर असते. दोन्हींपैकी कोणतेही एक दाबले की दिवा लागतो आणि मग दुसरे दाबले की विझतो. हे झाले एक्सॉर. आता असे समजा की आपल्या पदार्थाचे उत्तर आदानांच्या बेरजेइतके येते. एकही आदान नसेल तर ०, एक असेल तर १ आणि दोन्ही असतील तर २. उत्तर अर्ध्याच्या वर गेले तर ‘होय’ असे ठरवले की ‘ऑर’ गेट मिळते, आणि दीडच्या वर गेले तर ‘होय’ म्हटले की ‘अँड’ मिळते. पण एक्सॉरसाठी १ ला ‘होय’ आणि २ ला ‘नाही’ असे उत्तर यायला हवे, आणि एक रेघ ओढून ते कधीच साधत नाही. अधिक दिल्यावर कमी येईल, असे काहीतरी पदार्थातच घडावे लागते. म्हणून एक्सॉर ही एक प्रकारची परीक्षा आहे. पदार्थ नुसती बेरीज करणारा नाही, याचा तो पुरावा ठरतो.

ही परीक्षा सर्वांत स्वच्छपणे उतरली ती ट्वेंटे येथे, मात्र नॅनोट्यूबवर नव्हे. तेथील गटाने २०१५ मध्ये सुमारे २० नॅनोमीटर आकाराचे सोन्याचे कण सुमारे २०० नॅनोमीटर व्यासाच्या जागेत अस्ताव्यस्त पसरवले आणि भोवती आठ इलेक्ट्रोड ठेवली. अतिथंड अवस्थेत, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर पाच केल्विनच्याही खाली, यातील प्रत्येक कण एकेका इलेक्ट्रॉनची वाट अडवणाऱ्या फाटकासारखा वागतो. त्यामुळे व्होल्टेज वाढवल्यावर प्रवाह घटतो, अशाही जागा सापडतात. केवळ नियंत्रणाची व्होल्टेजे बदलून त्या एकाच कणसमूहाकडून दोन आदानांची सहाही प्रमुख गेट करून घेण्यात आली, आणि त्यात एक्सॉरही होते. याच संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये सिलिकॉनमध्ये पेरलेल्या बोरॉनच्या अणूंवर हाच मार्ग वापरून पाच केल्विनची ती जाचक अट बरीच सैल केली.

प्रश्न : नियंत्रणाची व्होल्टेजे संगणक शोधतो, उत्तराला गुण संगणक देतो, आकडे संगणक वाचतो. मग श्रेय ठिपक्याला का? (सांख्यिकीचे निवृत्त प्राध्यापक, नांदेड)

आपला आक्षेप आम्हाला या संपूर्ण विषयाचा गाभा वाटतो, म्हणून याचे उत्तर सर्वांत लांब होणार आहे.

एक उदाहरण घेऊ. काही गावांना एकेकदा भेट देऊन परत यायचे, तर सर्वांत कमी अंतराचा मार्ग कोणता, हे फिरत्या विक्रेत्याचे कोडे आपल्या परिचयाचे असेलच. नॅनोट्यूबच्या ठिपक्याने ते सोडवले, असे नॅसेन्सच्या काळात प्रसिद्ध झाले, आणि ते खोटे नाही. पण ते सोडवले कसे ते पाहा. उत्तर वाचणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रोडला एक गाव नेमून दिले होते. त्यांवर जी व्होल्टेजे आली, ती लहानमोठी लावली की गावांचा क्रम मिळत असे. त्या क्रमाने जाताना पडणारे अंतर संगणक मोजत असे आणि नियंत्रणाच्या आकड्यांत फेरबदल करून पुन्हा प्रयत्न करीत असे. गावे दहाच्या आसपास होती. दहा गावांचे वेगवेगळे मार्ग १,८१,४४० भरतात, आणि कोणताही लॅपटॉप ते एकूण एक तपासून काही क्षणांत उत्तर देतो. येथे ठिपक्याचे काम एवढेच की, आकड्यांच्या एका संचापासून गावांचा एक क्रम तयार करायचा. साध्या रोधकांच्या (रेझिस्टरच्या) जाळ्यानेही कोणता ना कोणता क्रम आलाच असता, आणि शोध घेणारा संगणक हुशार असेल तर तोही हळूहळू सुधारला असता. म्हणून असे प्रयोग ‘पदार्थाकडून काही करून घेता येते’ एवढे दाखवतात. ‘पदार्थामुळे काही सोपे झाले’ हे त्यातून सिद्ध होत नाही.

मग ठिपक्याचा वाटा मोजायचा कसा? आमच्या मते कोणताही निष्कर्ष वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. पहिली अशी की, ठिपका काढून त्याच्या जागी साधे रोधक किंवा नॅनोट्यूब न घातलेले नुसते प्लास्टिक ठेवून तोच प्रयोग केला होता का, आणि त्याचा निकाल किती खाली आला. दुसरी, वाचलेल्या व्होल्टेजांवर संगणकाने पुढे किती आकडेमोड केली, कारण उत्तर वाचण्याच्या टप्प्यातच पुरेशी आकडेमोड भरली तर त्या आधी काय ठेवले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. तिसरी गोष्ट खर्चाची. ठिपका स्वतः अत्यल्प वीज वापरत असेल, पण त्याला आकडे पुरवणारे आणि त्याचे उत्तर वाचणारे बोर्ड शेजारी वीज खात बसलेले असतात, आणि शिकवणीच्या, म्हणजे योग्य व्होल्टेजे शोधण्याच्या, हजारो फेऱ्यांचा हिशेब तर बहुधा कोणी मांडतच नाही. रोषणाईचे बिल बाजूला ठेवून लग्न स्वस्तात उरकल्याचे सांगावे, तसा हा प्रकार होतो.

तरीही संपूर्ण प्रयत्न निरर्थक आहे, असे आम्ही म्हणणार नाही. शिकवणी एकदाच होते आणि वापर मात्र लाखो वेळा होऊ शकतो, ही एक बाब. दुसरी बाब अशी की, सध्याच्या संगणकात माहिती स्मृतीतून प्रक्रियकाकडे आणि परत अशी सतत ये-जा करते आणि त्या वाहतुकीतच बरीच वीज खर्च होते. ठिपक्यात अशी वाहतूक नसते, कारण आदान देताच सगळ्या वाटांनी वीज एकाच वेळी वाहते आणि उत्तर तयार होते. संवेदकाला चिकटून बसणारे, थोडीशीच पण अखंड आकडेमोड करणारे आणि अल्प विजेवर चालणारे उपकरण हे या पदार्थांचे संभाव्य घर आहे. लॅपटॉपची जागा ते घेतील, असे म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : एका नमुन्यावर शोधलेले आकडे दुसऱ्या नमुन्यावर चालतात का? उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात उत्तर तेच राहते का? (लघुउद्योजक, नाशिक)

पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि दुसऱ्याचे ‘खात्री नाही’ असे आहे. दोन थेंबांत नळ्या कधीच सारख्या पसरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक नमुन्याची शिकवणी स्वतंत्र घ्यावी लागते. थॉम्पसन यांच्या चिपवरही हेच अनुभवास आले होते. तिच्यावरील सर्किट त्याच चिपच्या दुसऱ्या भागात हलवले की त्याची कामगिरी उतरत असे आणि तापमानाच्या मर्यादित पट्ट्यातच ते नीट चालत असे. कारखान्यात एकसारखे हजार नग काढणाऱ्याला हे परवडणारे नाही.

यातून मार्ग काढणारी दुसरी एक परंपरा आहे, आणि आम्हाला तीच अधिक आश्वासक वाटते. हर्बर्ट येगर यांनी २००१ मध्ये आणि वोल्फगांग मास यांच्या गटाने २००२ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, साधारण एकच विचार मांडला : गुंतागुंतीची यंत्रणा आहे तशीच ठेवावी, तिला शिकवू नये, तिच्यातून निघणाऱ्या अनेक संकेतांची बेरीज कोणत्या वजनांनी करायची, एवढेच शिकावे. याला ‘जलाशय संगणन’ म्हणता येईल, आणि हा शब्द केवळ अलंकार नाही. ससेक्स येथेच दोन संशोधकांनी २००३ मध्ये खरोखर पाणी घेतले. छोट्या मोटरींनी त्यात तरंग उठवले, तरंगांची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून ‘झिरो’ व ‘वन’ हे उच्चारलेले शब्द वेगळे ओळखून दाखवले. पाण्याला कोणी शिकवले नव्हते; शिकला होता तो तरंग वाचणारा. या पद्धतीत नमुना बदलला तर फक्त शेवटची वजने पुन्हा काढावी लागतात आणि ते काम काही क्षणांचे असते.

चांदीच्या नॅनोतारांची जाळी याच वाटेने गेली. प्रत्येक तारेवर बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ लेप असतो. दोन तारा जेथे एकमेकींवरून जातात तेथे व्होल्टेज लावल्यावर लेपातून चांदीचा बारीक धागा वाढतो आणि व्होल्टेज काढल्यावर तो हळूहळू विरतो, म्हणजे जोडाला थोड्या वेळापुरती आठवण असते. सिडनी विद्यापीठ आणि लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा जाळीकडून हस्तलिखित अंक ओळखून घेतले आणि ९३.४ टक्के अंक बरोबर आले. नेहमीच्या संगणकावरील आजच्या पद्धती याच अंकसंचावर ९९ टक्क्यांच्या पुढे सहज जातात, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

प्रश्न : भारतात हे काम कुठे चालते? (एम.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर)

सुरुवात तुमच्याच गावापासून करता येईल. शिवाजी विद्यापीठातील नॅनोविज्ञान विभागात मेमरिस्टर, म्हणजे आपल्यातून आधी वाहून गेलेल्या विजेची आठवण ठेवणारे रोधक, स्वस्त रासायनिक पद्धतींनी तयार करण्याचे काम बरीच वर्षे चालू आहे. बंगळूरू येथील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात चांदीच्या अस्ताव्यस्त जाळ्यांवर मज्जातंतूंच्या जोडांसारखे वर्तन अभ्यासले गेले आहे. तेथीलच भारतीय विज्ञान संस्थेच्या गटाने २०२४ मध्ये रुथेनियमयुक्त रेणूंच्या थरात १४ बिटांइतक्या बारीक पायऱ्यांची स्मृती मिळवली. हे शेवटचे काम आपल्या ठिपक्याच्या अगदी उलट दिशेचे आहे, कारण त्यात अव्यवस्थेचा उपयोग करून घेण्याऐवजी नेमकेपणा साधला आहे.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, कमी खर्चात यातले काही करून पाहता येईल का? (अनेक पत्रे)

येईल, मात्र नॅनोट्यूबची पूड मागवू नका. ती कमालीची हलकी असते, हवेत उडते आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते. बहुपदरी नॅनोट्यूबच्या एका विशिष्ट प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग होण्याचा संभव असलेल्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. हवा खेचून घेणारे बंदिस्त कपाट नसेल तर या वाटेला जाऊच नये.

त्याऐवजी सुट्या आयसी ज्या काळ्या स्पंजात खोचून मिळतात, तो स्पंज घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळेल. तो कार्बन मिसळलेला बहुवारिकच असतो, म्हणजे आपल्या ठिपक्याचा गरीब चुलतभाऊ. त्यात चार टाचण्या खोचा. दोन आदानाच्या, एक नियंत्रणाची आणि मधली उत्तर वाचण्याची. आर्डुइनो या छोट्या, प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाने आदानांना ० किंवा ५ व्होल्ट द्या आणि मधल्या टाचणीवरील व्होल्टेज वाचा. ते अडीच व्होल्टच्या वर असेल तर उत्तर ‘होय’ धरा. समजा, टाचण्यांच्या जागा अशा जमल्या की मधल्या टाचणीवर प्रत्येक आदानाचा प्रभाव तीस टक्के आणि नियंत्रणाचा चाळीस टक्के पडतो. नियंत्रण ० व्होल्टवर ठेवले तर एका आदानाला १.५ आणि दोन्हींना ३ व्होल्ट येतील, म्हणजे तुमच्या हाती ‘अँड’ गेट आहे. नियंत्रण ५ व्होल्टवर नेले तर काहीच नसताना २, एका आदानाला ३.५ आणि दोन्हींना ५ व्होल्ट येतील, आणि टाचणी न हलवता त्याच स्पंजाचे ‘ऑर’ गेट होईल. नियंत्रणासाठी मधली व्होल्टेजे हवी असतील तर पल्सरूपी आउटपुट रोधक आणि कपॅसिटर यांतून गाळून घ्या, नाहीतर वाचलेले आकडे नाचत राहतील.

त्यानंतर एक्सॉर मिळतो का, ते अवश्य पाहा. या व्होल्टेजांना स्पंज बहुतांशी ओहमच्या नियमाने वागतो, त्यामुळे नियंत्रणाचे आकडे कितीही बदलले तरी तो मिळणार नाही. नांदेडच्या प्राध्यापकांच्या पत्राला प्रयोगाने दिलेले उत्तर म्हणून आम्ही या अपयशाकडे पाहतो : अँड आणि ऑर मिळवायला नॅनोपदार्थ लागत नाही. मध्येच स्पंजावर बोट दाबून धरा. टक्केवारी बदलेल, गेट बिघडेल आणि नियंत्रणाचा आकडा नव्याने शोधावा लागेल. दुकानात गुलाबी रंगाचा स्पंजही दाखवतात. तो घेऊ नका, त्यातून वाचण्याजोगी वीज वाहत नाही.